घोटलेला तास

हार्बिन, १५ ऑक्टोबर १९९५

याछिन ताई,

मू बाईंनी माझ्या हातातला थर्मास काढून घेतला, त्या क्षणी माझं सगळं बदललं. हसू नकोस, पुढे वाच.

उकळत्या पाण्याच्या खोलीपुढे रांग होती. इंग्रजी विभागाचा एक दांडगा माझ्यापुढे घुसला आणि वर म्हणतो, "रशियनवाल्यांना कसली घाई? तुमच्याकडे विद्यार्थी तरी उरलेत का?" मी त्याची गचांडी धरली. तेवढ्यात मागून एक हात आला, माझा थर्मास काढून घेतला. "थ्येलिन, तू पाणी न्यायला आलायस की नाक फोडून घ्यायला?" एवढंच बोलून मू बाई माझा आणि स्वतःचा थर्मास घेऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. भांडणात आमचा नंबर गेला होता ना. माझ्यावर चिडल्या नाहीत, त्याच्यावरही नाही. नुसत्या उभ्या राहिल्या, वाऱ्याकडे पाठ करून. तू मला ओळखतेस. तिसऱ्या वर्षी प्राध्यापकाच्या टेबलावर पुस्तक आपटून कॉलेज सोडलं, तेव्हा बाबांनी पट्टा काढला तरी माझं तोंड बंद झालं नव्हतं. त्या दिवशी झालं.

तुझ्या वेळचा विभाग आता राहिला नाही. आपली मोठी खोली इंग्रजीवाल्यांना अर्धी दिली आहे, आणि अर्धी म्हणजे खोली उबदार ठेवणाऱ्या वाफेच्या नळांच्या बाजूची. आपले लोक दाराशी, कोट घालून, वह्या तपासतात. इंग्रजी विभागाच्या प्रमुख रुइ मॅडम. (इंग्रजीच्या म्हणून 'मॅडम', आपल्या त्या 'बाई'.) परवा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "रशियन बंद झालं की तुम्हाला वर्षभराचा कोर्स देऊन माझ्याकडे इंग्रजी शिकवायला पाठवणार म्हणे. पेइ सरांचं 'थँक्यू' ऐकलंय मी. ट्रॅक्टर सुरू झाल्यासारखं वाटतं." पेइ सर झोपले होते म्हणून बरं.

खरी गोष्ट अशी. वसंतात प्रांतातून तपासणीचे लोक येणार आहेत. रशियनचा एक नमुन्याचा तास ते बघतील. पसंत पडला तर विभाग राहील, आणि मू बाई कायम होतील. नाही पडला तर विभागाला कुलूप. मग मू बाईंची नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर ती खोली, जिच्यात त्या आजारी आईला घेऊन राहतात.

आणि हा तास त्यांच्या गळ्यात कोणी बांधला? तुझ्या हाओ सरांनी. विभागप्रमुख ते, साठ सालापासून रशियन शिकवणारे ते, मग स्वतः फळ्यापाशी का उभे राहत नाहीत? जमलं तर प्रमुखांचं नाव, फसलं तर मू बाईंची मान. तुला जसं घालवलं, तसंच.

त्यांनीच मला पोरांचा तोंडी सराव घ्यायला रोजावर ठेवलं आहे हे खरं, आणि तुझ्या शब्दाखातर ठेवलं हेही खरं. म्हणून काय डोळे मिटून घेऊ?

थ्येलिन


स्वेइफन्ह, २ नोव्हेंबर

थ्येलिन,

हात फुटलेत, म्हणून अक्षर असं. दिवसभर बाजारात उभी असते. सीमेपलीकडून बायका येतात, कोटांच्या कॉलरीत नाक खुपसून वास घेतात, अस्तर उलटं करून बघतात, माझ्या रशियनचं कौतुक करतात आणि शेजारच्या दुकानातून घेऊन जातात. दुकान ठीक चाललंय.

मू श्याओलान माझ्याबरोबर एका खोलीत दोन वर्षं राहिली आहे. ती रांगेच्या शेवटी का उभी राहिली, सांगू? भांडायचं त्राण नव्हतं म्हणून. दिवसभर वर्ग, घरी आई, तिला धरून संडासाला न्यायचं, तिचे कपडे. अशी बाई रांगेत शेवटी उभी राहते कारण तेवढा वेळ कोणी काही मागत नाही. त्यात तू भलतंच काही वाचू नकोस.

तुझ्या पत्रात एका ठिकाणी 'ती' लिहून खोडलंयस आणि वर 'त्या' केलंयस. शाई दिसते, बाळा. ती तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे, हे मी शाईशिवाय सांगते.

हाओ सर सांगतील ते कर. त्यांच्याबद्दल तू जे लिहिलंस ते पुन्हा लिहू नकोस. मी गेले, ते झालं.

आत्याला बरं आहे का? तुझ्या पत्रात घरचं एक अक्षर नव्हतं.

याछिन


हार्बिन, ३ डिसेंबर

याछिन ताई,

आई बरी आहे. बाबाही. झालं?

आता माझं ऐक. तास घोटतात, म्हणजे काय ते तुला माहीत आहे, तूही त्यातून गेलीस. पण इतका? ऑक्टोबरपासून एकच धडा चालू आहे, 'डॉक्टरांकडे'. त्याच वर्गाला, तोच धडा. मागच्या बाकांवर अख्खा विभाग बसतो आणि मू बाईंना घासतो. "इथे थांबा." "इथे दोन पावलं पुढे." "फळा पुसताना वर्गाकडे पाठ नको." पेइ सर जागे होऊन म्हणतात, "इथे जरा हसा." मू बाई हसतात. "एवढं नको." मू बाई कमी हसतात.

आणि पोरं! हाओ सरांनी स्वतः उभं राहून सांगितलं, "प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचे. ज्याला येतं त्यानं उजवा, ज्याला येत नाही त्यानं डावा. बाई फक्त उजव्या हातांना विचारतील. पाहुण्यांना मात्र हातांचं जंगल दिसलं पाहिजे."

ज्वांग म्हणून एक जाडा पोरगा आहे. तो उठला. "सर, मला अर्धं येतं."

"मग कोपरापर्यंत कर," हाओ सर म्हणाले, आणि सगळे हसले. मू बाईसुद्धा. मला हसू आलं नाही. माझ्या तोंडी सरावाच्या तासालाही आता तेच चालतं, "घसा दुखतो, ताप आहे, तोंड उघडा". पोरांना रशियनमध्ये भाकरी मागता येत नाही, पण घसा मात्र सगळ्यांचा दुखतो.

रुइ मॅडमही येऊन मागे बसतात. कोणी बोलावलं? वही काढून काहीतरी टिपतात. आपला विभाग बुडाला की पुरी खोली त्यांची, अजून काय.

परवा मी वह्या द्यायला मू बाईंकडे गेलो. त्यांच्या मजल्यावर सगळ्यांच्या शेगड्या बाहेर व्हरांड्यातच. त्या आंबवलेली कोबी परतत होत्या. वाफेत उभ्या, बाह्या वर केलेल्या. मी म्हटलं, "बाई, तुम्हाला या नाटकाचा कंटाळा नाही येत?"

त्या कोबी हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, "एकदा तरी खरा तास घ्यायचाय रे. ज्याला येत नाही त्यानं येत नाही म्हणून सांगावं. मग मी शिकवीन. शिकवून किती दिवस झाले."

ताई, हे त्या दुसऱ्या कोणाला बोलल्या असतील? मला नाही वाटत.

आतून त्यांच्या आईनं विचारलं, "कोण आलंय गं?"

"कोणी नाही, आई. सरावाचा मुलगा."

कोणी नाही, असं म्हणायलाच लागतं. व्हरांड्याला कान असतात.

थ्येलिन


स्वेइफन्ह, २२ डिसेंबर

थ्येलिन,

'कोणी नाही' याचा अर्थ बहुतेक वेळा कोणी नाही असाच असतो.

मी थट्टा करणार होते, पण तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचलं आणि थट्टा बाजूला ठेवली. मला तुझा स्वभाव माहीत आहे. कोणी दार उघडं ठेवायला सांगितलं की तू बिजागऱ्या काढून आणतोस. त्या धड्याला हात लावू नकोस. हात दाखवून अवलक्षण होईल, आणि ते तुझ्या एकट्यापुरतं राहणार नाही.

मीही तो तास घेतला होता. छान झाला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. हाओ सरांनी मला सगळ्यांदेखत सॉसेजची जोडी भेट दिली. पुढचं कधीतरी भेटीत.

रुइबद्दल एवढंच सांगते. ती तोंडाची तिखट आहे, पण तिला तुमची खोली हवी आहे असं मला वाटत नाही. तिला तुमचे पेइ सर नको आहेत. या दोन गोष्टी एक नव्हेत. विचार कर.

नव्या वर्षाला घरी जा. आत्या वाट बघते.

याछिन


स्वेइफन्ह, १८ मार्च १९९६

थ्येलिन,

तीन महिने झाले. नव्या वर्षाला तू घरी गेला नाहीस असं आत्यानं कळवलं. तिला मी म्हटलं, परीक्षा असतील. परीक्षा देणाऱ्याचं कॉलेज सुटून दोन वर्षं झाली हे तिच्याही लक्षात आहे.

तपासणी याच महिन्यात ना? दोन ओळी टाक. नुसतं 'झालं' एवढं लिही.

याछिन


हार्बिन, ३० मार्च

ताई,

झालं.

नव्या वर्षाला मी इथेच राहिलो, कारण मू बाई इथेच होत्या. त्यांच्या दाराशी गोठवलेल्या नासपत्यांची पिशवी घेऊन गेलो. त्यांच्या आईंनी भिंतीला धरून येऊन ती घेतली, "वितळायला पाण्यात घालून ठेवते," म्हणाल्या आणि आत गेल्या. एवढंच माझं नवं वर्ष.

आता तपासणीचं सांगतो. आदल्या दिवशी माझा सरावाचा तास होता. वर्गात आम्हीच, दुसरं कोणी नाही. मी पोरांना म्हटलं, "उद्या डावा-उजवा नाही. ज्याला खरंच येतं त्यानंच हात वर करायचा. ज्याला येत नाही त्यानं गप्प बसायचं, लाजायचं नाही." ज्वांग म्हणाला, "हाओ सर मारतील." मी म्हटलं, "मू बाईंना असंच हवं आहे. त्या स्वतः तोंडानं सांगू शकत नाहीत, म्हणून मी सांगतोय." पोरांनी माना डोलावल्या. मू बाईंचं नाव घेतलं की ती काहीही ऐकतात.

प्रांताचे लोक झाकणाचे चहाचे ग्लास घेऊन मागे बसले. मी टेपरेकॉर्डरपाशी. मू बाईंनी निळं जाकीट घातलं होतं. धडा वाचून झाला, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, सोपा, "डॉक्टर रोग्याला काय विचारतात?" आणि तीन हात वर आले. तीनच. बाकीचे बाकाकडे बघत होते, शिस्तीत.

मू बाईंना वाटलं, पोरं घाबरली. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला. तेच तीन हात. मग त्यांनी ठरल्याप्रमाणे खिडकीजवळच्या मुलीचं नाव घेतलं. ती उठली आणि म्हणाली, "बाई, मी हात वर केला नव्हता." मागच्या बाकांवर पेन्सिली चालायला लागल्या. हाओ सरांनी डोळे मिटले.

मग मू बाईंनी टिपणाचा कागद उलटा ठेवला, खडू घेतला आणि शिकवायला सुरुवात केली. खरोखर. 'तोंड उघडा' हे फळ्यावर लिहिलं, एकेकाकडे गेल्या, एकेकाकडून म्हणवून घेतलं, चुकलं की पुन्हा. ज्वांग पाच वेळा चुकला, सहाव्यांदा बरोबर म्हणाला आणि आपणच दचकला. घंटा झाली तेव्हा अर्धा धडासुद्धा संपला नव्हता. ताई, मी असा तास आयुष्यात पाहिला नव्हता. मला वाटलं, पाहुणे उठून टाळ्या वाजवतील.

पाहुण्यांतला एक म्हणाला, "दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एवढंही येत नाही?" आणि ते चहाचे ग्लास उचलून जेवायला गेले.

मी मू बाईंना जिन्यात गाठलं. म्हटलं, "बाई, आज तुम्ही खरा तास घेतलात." त्यांनी माझ्याकडे बघितलं. हळूहळू त्यांना कळलं, ते मला दिसत होतं.

"तू सांगितलंस पोरांना?"

"तुम्हीच म्हणाला होतात, एकदा तरी..."

"मी रोज म्हणते, जीव द्यावासा वाटतो," त्या म्हणाल्या. "मग तू काय दोर आणून देणार का?"

आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोसलं असतं. "माझ्यासाठी केलंस म्हणशील. मला विचारलंस?" आणि जिना उतरून गेल्या, कठड्याला धरून, म्हाताऱ्या बाईसारख्या.

संध्याकाळी हाओ सर माझ्या खोलीवर आले. मला वाटलं, आता हाकलतील. तर म्हणाले, "टॉवेल घे. अंघोळीला जाऊ." सार्वजनिक न्हाणीघरात मी त्यांची पाठ घासली. पाठ म्हणजे नुसती हाडं. वाफेत तोंड दिसत नव्हतं, ते बोलत होते.

"पोरा, मी तास का घेतला नाही, माहीत आहे? पास झाला असता तरी मी कायमच आहे. तिला कायम करायला जागा रिकामी हवी. मी वरच्यांना तोंडी सांगून ठेवलं होतं, विभाग राहिला तर मी वेळेआधी निवृत्त होतो, माझ्या जागी श्याओलान. आता विभागच राहत नाही, तर माझी जागा घेऊन कोण काय करणार? जरा खाली घास. तिथे नाही, डावीकडे."

मी विचारलं, "मग याछिन ताईला का घालवलंत?"

ते वळले. साबणाच्या फेसात, हातात टॉवेल, तसेच. "याछिनला? मी? अरे, ती गेली तेव्हा मी स्टेशनपर्यंत गेलो होतो, परत चल म्हणायला. ती म्हणाली, सर, थकले. मी तिची ट्रंक गाडीत चढवून दिली."

मग पुन्हा पाठ करून बसले. म्हणाले, "पोरांना तू सांगितलंस हे मला कळलंय. मी कोणाला सांगणार नाही. तुझं वय काय, तेवीस? विसर."

ताई, तू का गेलीस? मी तुझ्या वतीनं चार वर्षं त्या माणसाचा राग केला.

थ्येलिन


स्वेइफन्ह, ७ एप्रिल

थ्येलिन,

मला घालवलं असं मी कधी म्हटलं होतं? आठवून बघ. मी रडत घरी आले, बाबांनी विचारलं, "काढलं?" आणि मी मान हलवली की नाही, ते मलाही आठवत नाही. पुढे सगळ्यांनी तेच धरलं. मी खोडलं नाही. सरकारी नोकरी, आयुष्यभराचं अन्न, ती पोरीनं आपण होऊन सोडली, असं कळलं असतं तर त्यांनी मला उंबऱ्यातून आत घेतलं नसतं.

टाळ्या पडल्या त्या तासानंतर मी वर्गात गेले. दुसरा धडा काढला. पोरांना एक शब्द येईना, आणि मलाही कुठून सुरू करायचं ते सुचेना. इतका एकच धडा घोटला होता की बाकीचं सगळं पुसून गेलं होतं. त्यात कोणाचा दोष नव्हता. हाओ सरांचाही नाही. ज्यांना विभाग जगवायचा आहे ते दुसरं काय करणार? मला जगवत राहायचा कंटाळा आला, एवढंच.

रागवायचं असेल तर माझ्यावर रागव. पण आधी हे कर. तास वाईट झाला असेल तर पुन्हा मिळत नाही. कोणी बाहेरच्यानं तो बिघडवला असेल, तर वरच्यांकडे पुन्हा मागता येतो. आमच्या वेळी चित्रकला विभागाला असाच परत मिळाला होता. तू रोजावरचा माणूस, तू बाहेरचाच. हाओ सर तोंड उघडणार नाहीत, तुला वाचवायला विभाग बुडवतील, ते तसेच आहेत. म्हणून ते तुझ्या तोंडून निघायला हवं. दुसऱ्या कोणाच्या निघायच्या आत.

मग इकडे ये. दुकान जानेवारीतच विकलं. मी आता दुसऱ्यांच्या दुकानांत दुभाषी म्हणून उभी राहते. तुलाही लावून देईन.

याछिन


स्वेइफन्हच्या गाडीची वाट बघताना,
हार्बिन स्टेशन, १९ एप्रिल

ताई,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. मी ते खिशात घालून फिरलो. मंगळवारी सांगणार होतो, तर हाओ सर दवाखान्यात गेले होते. बुधवारी सांगणार होतो, तर ती (आता 'ती'च लिहितो, खोडत नाही) समोरून आली आणि मला बघून तिनं वाट बदलली नाही, नुसती मान हलवली. मला वाटलं, आणखी एक दिवस. एका दिवसात कोणाचं काय जातं? काल असाच गेला.

आज सकाळी मोठ्या खोलीत दोन्ही विभागांची बैठक होती. तिथे फळा आहे म्हणून आमचे तासही हल्ली तिथेच होतात. प्रांताकडून उत्तर यायचं होतं, पण काय येणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. आपले लोक दाराशी, कोटात. इंग्रजीवाले नळांशी. हाओ सर उभे राहिले आणि म्हणाले, "तयारी कमी पडली. ती माझी जबाबदारी." आणि बसले. पेइ सर म्हणाले, "मला इंग्रजी जमणार नाही, या वयात." कोणी हसलं नाही.

रुइ मॅडम उठल्या. वही उघडली. मला वाटलं, आता खोलीची वाटणी निघणार.

"मी सगळ्या तालमींना बसले आहे," त्या म्हणाल्या. "का बसत होते? माझंही पोट त्यावर होतं. तुमची दारं बंद झाली की तुम्ही सगळे माझ्याकडे येणार, आणि माझे कच्चे शिक्षक बाहेर जाणार. मला तुमचं रशियन जगायला हवं आहे, तुमच्यापेक्षा जास्त." मग वही मिटली. "पोरांना सगळं पाठ होतं.  तालमींत एकदाही चुकली नाहीत. त्या दिवशीच एकदम सगळ्यांनी हात खाली ठेवले, असं आपोआप होत नाही, हाओ सर. बिघडलेला तास परत मागता येतो. वाईट तास नाही मागता येत. तेव्हा कोणी बिघडवला असेल, तर आज कळू द्या. उद्या प्रांताचं उत्तर आलं की संपलं."

"तयारी कमी पडली," हाओ सर पुन्हा म्हणाले.

"सर, तुम्ही चांगले आहात," रुइ मॅडम म्हणाल्या, "पण तुमच्या चांगुलपणावर नऊ घरं चालत नाहीत."

सगळे आपापल्या चहाच्या ग्लासात बघायला लागले. ताई, त्यांना माहीत होतं. सगळ्यांना. पोरांनी सांगितलं असणार, कोणालातरी कोणीतरी. फक्त कोणी पहिलं बोलायला तयार नव्हतं. आपल्याकडे एखाद्याला बाहेर काढायचं म्हणजे सगळे ग्लासात बघतात.

मी उठणार होतो. शपथ घेऊन सांगतो. माझी खुर्ची मी मागे सरकवलीसुद्धा होती, तिचा आवाज झाला, आणि त्याच वेळी ती बोलली.

"थ्येलिननं केलं."

फळ्याकडे बघत बोलली. आवाजात राग नव्हता, कीव नव्हती, काहीच नव्हतं. हजेरी घेतात तसं. "त्यानं मुलांना आदल्या दिवशी सांगितलं. माझं नाव घेऊन. मला माहीत नव्हतं."

हाओ सर म्हणाले, "श्याओलान..."

"सर, आई आहे माझी," ती म्हणाली. बस, एवढंच.

मी एव्हाना उभा होतो. मी म्हटलं, "खरं आहे. बाईंना माहीत नव्हतं. हाओ सरांनाही नव्हतं." यातलं दुसरं वाक्य खोटं होतं, पण ते बोलून मला बरं वाटलं. खरं बोलणारं माणूस मला हवं होतं ना? मिळालं. रुइ मॅडमनी माझ्याकडे बघून मान झुकवली. एवढा मान मला त्या खोलीत कोणी दिला नव्हता.

मला आणखी बरंच बोलायचं होतं. मी काय समजत होतो, कशासाठी केलं, थर्मासपासून सगळं. कोट उचलला, तो खुर्चीच्या पाठीत अडकला, सोडवताना वेळ गेला. तेवढ्या वेळात कोणी "थांब" म्हटलं असतं. ती फळ्याकडेच बघत होती. आता माझ्या लक्षात आलं, ती बघत नव्हतीच, ती थकली होती आणि डोळे कुठेतरी ठेवायचे होते.

रुइ मॅडम तोवर फोनपाशी पोचल्या होत्या, प्रांताचा नंबर फिरवत होत्या. पेइ सरांनी विचारलं, "म्हणजे परत तोच धडा?" कोणीतरी म्हणालं, दुसरा कुठून आणणार. बाहेर व्हरांड्यात पुढच्या तासाला पोरं येऊन उभी होती, ज्वांग सगळ्यांत पुढे. त्यानं मला बघितलं आणि मान खाली घातली. मी त्यांना आत सोडलं, एकेकाला. शेवटचा आत गेला.

मागून हाओ सरांचा आवाज आला, म्हातारा, घसा बसलेला. "चला. बसा सगळे. श्याओलान, पहिल्यापासून."

मी बाहेर होतो. आतली ऊब जायला नको म्हणून दार ओढून घेतलं, नीट, कडी लागेपर्यंत.